मापाची चामडी सँडल करून घ्यायची आहे? कारागीर शोधण्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत

दुकानातली सँडल लांबीला बरोबर बसते आणि तरीही लागते. माझं वर्षानुवर्षं असंच चालायचं. डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटरने लांब, शिवाय चवड्याशी रुंद. एका पायाला बेताची सँडल दुसऱ्याला सैल व्हायची. शेवटी कारागिराकडून जोड करून घेतला. तो फसला. दुसरा जोड मात्र आज सहा वर्षं पायात आहे, दोनदा तळ बदलून झाला तरी वरचं चामडं शाबूत आहे.

पहिला जोड का फसला ते नंतर उमगलं. लांबी-रुंदी दोन्ही अचूक होती, पण पट्टे तळातून चुकीच्या जागी वर आले होते. बुटात पायाला चारी बाजूंनी भिंत असते. सँडलमध्ये पाय चार-पाच ठिकाणी धरलेला असतो, बाकी मोकळा. त्यातली एक जागा बोटाच्या पेराएवढी पुढे-मागे झाली की पट्टा नेमका हाडावर येतो, टाच मागे घसरते किंवा बोटं तळाबाहेर डोकावतात. म्हणून कारागीर कसा निवडायचा, माप कसं द्यायचं आणि ट्रायल कधी घ्यायची, या तिन्ही गोष्टींचा विचार मी आता पट्ट्यांच्या जागेपासून सुरू करतो.

आधी जुनी चप्पल उलटी करून बघा

कारागीर शोधायला बाहेर पडण्याआधी घरातली सगळ्यात जास्त वापरलेली चप्पल किंवा सँडल काढा आणि तिचा तळ बघा. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजलेली असणं हे बहुतेकांचं असतंच. पण आतली कड बरीच झिजली असेल, किंवा एकच पाय वेगळा झिजला असेल, तर तुमच्या चालीबद्दल ती बरंच सांगते. आतल्या बाजूला बोटांचे खळगे किती खोल पडलेत, टाचेचा ठसा मध्यावर आहे की एका बाजूला, हेही पाहून ठेवा. ही चप्पल कारागिराकडे सोबत न्यायची. धुऊन-पुसून न्या, पण टाकून देऊ नका.

मग वापर ठरवा. रोज दहा-पंधरा मिनिटांचं चालणं, दिवसभर उभं राहण्याचं काम, पावसापाण्यातून जाणं, लांबचा प्रवास, या प्रत्येकासाठी तळ वेगळा लागतो आणि पट्टेही. "सगळ्यासाठी चालेल अशी" असं सांगितलंत की कारागीर अंदाजाने काहीतरी मधलं करतो आणि ते कशालाच धड पुरत नाही.

इथे एक गोष्ट फार मनापासून सांगतो. मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी झाली असेल, जखमा भरायला वेळ लागत असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. अशा पायाला पट्टा घासतोय हे कळतच नाही आणि साध्या ओरखड्याची जखम होऊन बसते. अंगठ्याच्या बेचक्यात येणारी वादी टाळा, मागे टाचेला पट्टा ठेवा आणि आतला तळ मऊ घ्या. मायक्रोसेल्युलर रबराचा मऊ थर अशा पादत्राणांत मुद्दाम घालतात. हे काम वैद्यकीय पादत्राणं करणाऱ्या कारागिराकडेच द्यावं.

कारागीर कुठे सापडतो

सरळ "मापाच्या सँडल करून मिळतील" अशी पाटी क्वचितच दिसते. हे काम करू शकणारे हात बऱ्याचदा दुसऱ्याच कामात असतात: पादत्राणं दुरुस्त करणारे, चामडी पिशव्या आणि पट्टे शिवणारे, घोड्याचं खोगीर-लगाम करणारे, नाटक-नृत्यासाठी पादत्राणं बनवणारे, वैद्यकीय बूट करणारे. यांतला पिशव्या शिवणारा कारागीर सुबक शिवतो, पण पायाखाली भार कसा येतो याची सवय त्याला नसते. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र रोज दिसतं की सँडल कुठे तुटते, कुठे उसवते, कुठे पट्टा उपटून येतो. म्हणून माझा कल दुरुस्तीवाल्या कारागिराकडे असतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली वाट वेगळीच होती. चामडं, तळाचं रबर, बक्कल आणि चिकट द्रावण जिथे विकतात त्या व्यापाऱ्याकडे जा आणि विचारा, "तळाचं जाड चामडं तुमच्याकडून नेमाने कोण नेतं?" असं चामडं नेमाने नेणारा माणूस नुसता ठिगळं लावत नसतो, तो नवीन काहीतरी करत असतो. व्यापाऱ्याला हेही ठाऊक असतं की कोण चांगला माल निवडून घेतो आणि कोण स्वस्तातला कोपरा उचलतो.

इंटरनेटवर फोटो पाहून कारागीर निवडत असाल, तर नव्या कोऱ्या जोडाच्या फोटोवर जाऊ नका. नवीन सँडल सगळ्यांचीच छान दिसते. दीड-दोन वर्षं वापरलेल्या जोडाचा फोटो मागा, तळाच्या बाजूने आणि कडेने काढलेला. ज्यांची गिऱ्हाइकं परत येतात त्यांच्याकडे असे जोड दुरुस्तीला आलेले असतातच.

पहिल्या भेटीत ऑर्डर देऊ नका

आधी एखादं छोटं काम द्या. पट्टा बदलणं, उसवलेली शिवण, निघालेला तळ, काहीही. त्यातून दोन गोष्टी कळतात: हात कसा आहे आणि वेळ पाळली जाते का.

काम परत आलं की पट्ट्याची कड बघा. ती घासून गुळगुळीत केलेली आहे, की रापीने कापून तशीच सोडली आहे? शिवणीचे टाके सारख्या अंतरावर आहेत का, कडेपासूनची रेघ सरळ आहे का? भोकाशी चामडं फाटल्यासारखं दिसतं का? हाताची शिवण असेल तर दोन सुयांची आहे का, ते विचारा. त्यात दोऱ्याची दोन टोकं एकाच भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनच्या शिवणीत तसं नसतं, एक टाका तुटला की पुढचे सुटत जाऊ शकतात. याचा अर्थ मशीन वाईट असा नाही, पण जिथे ताण येतो तिथे हाताचे चार टाके असावेत.

मग बसून बोला. मी हे प्रश्न विचारतो: पट्ट्याची जागा कशी ठरवता, कागदावरून की पाय ठेवून? तळ चिकटवण्याआधी ट्रायल देता का? दोन्ही पायांचं माप वेगळं घेता का? तळ झिजला तर बदलता येईल अशी बांधणी करता का? उत्तरांपेक्षाही कारागीर तुमच्या पायाकडे बघतो का, याकडे लक्ष ठेवा. मला सहा वर्षं पुरलेला जोड करून देणाऱ्या कारागिराने पहिल्याच भेटीत मला चपला काढून फरशीवर चालायला सांगितलं होतं. कोणत्या रंगाची हवी हे त्यांनी शेवटी विचारलं.

"हे मला जमणार नाही" असं एखाद्या डिझाइनबद्दल स्पष्ट सांगणारा कारागीर भेटला तर तो सोडू नका.

चामडं हातात घेऊन ठरवा

कातडं कमावण्याच्या मुख्य दोन पद्धती. झाडाची साल, फळं, पानं यांतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं तयार व्हायला आठवडे, जाड असेल तर महिनेही लागतात. ते घट्ट असतं, पायाचा आकार हळूहळू धरतं, घाम शोषतं आणि वापराने गडद होतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावणं एखाद्या दिवसात उरकतं. ते मऊ, लवचीक आणि पाण्याला तुलनेने टिकाऊ असतं. ओळखायला कापलेली कड बघा. वनस्पतीचं चामडं आतपर्यंत तपकिरी किंवा बदामी दिसतं. क्रोमचं चामडं आरपार रंगवलेलं नसेल तर मधोमध निळसर-राखाडी रेघ दिसते.

पायाला चिकटणाऱ्या आतल्या तळासाठी मी वनस्पतीने कमावलेलंच चामडं सांगतो. पट्ट्यांना दोन्ही चालतं. मात्र पायाला पूर्वी कधी चामड्याने पुरळ आलं असेल तर कारागिराला आवर्जून सांगा. क्रोमने नीट न कमावलेल्या चामड्यात सहा संयुजेचं क्रोमियम तयार होऊ शकतं आणि त्याची ॲलर्जी होते. युरोपीय संघाने 2015 पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंमध्ये त्याची मर्यादा किलोला 3 मिलिग्रॅम ठरवली आहे. सँडल तर उघड्या, घामेजलेल्या पायालाच लागते. बक्कलमधलं निकेल आणि तळाच्या चिकट द्रावणातले काही घटकही काहींना बाधतात, त्यामुळे बक्कलच्या मागे चामड्याची जीभ ठेवून घ्यावी.

कातड्याचा कोणता भाग, यावरही खूप अवलंबून असतं. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो. पोटाचा भाग सैल असतो, तो ओढला की लांबतो. पोटाच्या भागाचा पट्टा महिनाभरात ढिला पडणार हे नक्की. पट्टा पाठीच्या कण्याच्या दिशेने लांब कापला तर कमी ताणतो. हे कारागिराला शिकवायला जाऊ नका, पण कापलेली पट्टी हातात घेऊन दोन्ही टोकांनी ओढून बघायला काही हरकत नाही. ओढताना ती रबरासारखी लांबली तर दुसरी मागा.

जाडीचा साधारण अंदाज: अस्तर नसलेला पट्टा अडीच ते तीन मिलिमीटर, अस्तर लावायचं असेल तर वरचं चामडं दीड ते दोन, आतला तळ तीन ते चार, आणि चामड्याचा खालचा तळ चार ते पाच. वरची नैसर्गिक साय शाबूत असलेलं फुल ग्रेन चामडं घ्या. घासून, वर रंगाचा थर देऊन एकसारखं केलेलं चामडं दिसायला निर्मळ असतं, पण घडीवर तो थर तडकतो. डास चावल्याच्या खुणा किंवा बारीक ओरखडे दिसले तर तो दोष मानू नका.

माप: इथे घाई नको

संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि सँडल त्या पायालाही पुरली पाहिजे. मोजे काढून, कडक जमिनीवर कागद ठेवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. बसून दिलेलं माप कामाचं नाही, कारण भार आला की पाय लांबीला आणि रुंदीला पसरतो. स्वतः वाकून आखू नका, वाकलात की भार सरकतो. पेन्सिल कागदाला काटकोनात धरायची. आत झुकली तर माप कमी येतं, बाहेर झुकली तर पायाभोवती नसलेली जागा आखली जाते.

बाह्यरेषा झाली की खरं काम सुरू होतं. पाय न हलवता कागदावर या खुणा करून घ्या: अंगठ्याच्या मुळाशी फुगलेलं हाड, करंगळीच्या मुळाचं हाड, अंगठा आणि शेजारच्या बोटाची बेचकी, पायाची कमान जिथे जमिनीपासून सुटते ती जागा, आणि आतल्या-बाहेरच्या घोट्याच्या बरोबर खालचे बिंदू. मग टेपने चवड्याचा घेर, पायाच्या उंचवट्याचा घेर, आणि टाचेच्या मागून पुढे उंचवट्यावर येणारा तिरका घेर. हे सगळं दोन्ही पायांचं. कुठे गाठ, भोवरी, जुनी जखम असेल तर तिथे गोल करून "इथे पट्टा नको" असं लिहा.

माझ्या पहिल्या जोडात याच खुणा नव्हत्या. मी घरून पायाची रेषा आखून, आवडलेल्या सँडलचा फोटो जोडून पाठवली होती. फोटोतल्या पायावर पुढचा पट्टा जिथे सुंदर दिसत होता तिथे माझ्या पायाचं हाड होतं. दोष कारागिराचा नव्हता, त्यांनी मी दिलं तेच केलं.

दुकानातला नंबर सांगण्यात फारसा अर्थ नाही. युरोपीय मापात एका नंबरचा फरक सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणजे 6.67 मिलिमीटर. ब्रिटिश मापात इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर. तुमचा पाय या दोन पायऱ्यांच्या मध्ये असेल तर तयार माल कधीच बरोबर बसणार नाही, मापाचा जोड करून घेण्याचं एक कारण तेच. म्हणून मिलिमीटरमध्येच बोला. तळ पायाच्या रेषेपेक्षा बोटांपुढे सहा ते दहा मिलिमीटर आणि टाचेमागे तीन-चार मिलिमीटर असला की पुरे. चालताना पाय पुढे सरकतो, तेवढी ती सोय. याहून जास्त ठेवलं तर पुढचं टोक अडखळतं, जिन्यावर तर फारच.

गरोदरपणात माप देऊ नये. त्या काळात पाय पसरतो आणि काहींचा नंतरही तसाच राहतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी द्या.

पट्टे आणि तळ

पुढचा पट्टा दोन्ही बाजूंनी चवड्याच्या हाडांच्या किंचित मागून यावा, म्हणजे बोटं दुमडताना तो आड येत नाही. टाचेचा पट्टा घोट्याच्या खालून निघून टाचेच्या वर जिथे आत वळण आहे तिथे बसावा. फार वर गेला तर शिरेला घासतो, फार खाली आला तर निसटतो. पट्टे तळातल्या चिरेतून खाली जाऊन दोन थरांच्या मध्ये दाबलेले असावेत, आणि ते टोक दोन-अडीच सेंटिमीटर तरी आत असावं. तिथलं चामडं खरवडून मगच चिकटवायला सांगा. गुळगुळीत सायीवर चिकट द्रावण धरत नाही, आणि पट्टा उपटून येण्याचं बहुतेक वेळा कारण हेच असतं.

समायोजनासाठी निदान एक बक्कल ठेवा, जमलं तर दोन. चामडं ताणणारच आहे. भोकं आज लागतात त्याच्या पुढे दोन आणि मागे दोन.

तळात चामडं आवडत असेल तर घ्या, पण ओल्यात घसरतं आणि झिजतंही. मी आतून चामडं, बाहेरून रबर असाच तळ सांगतो. ईव्हीए, म्हणजे फोमसारखं प्लॅस्टिक, हलकं आणि मऊ असतं, पण टाचेखाली लवकर दबतं. खिळे मारायला नको म्हणा, शिवण आणि चिकट द्रावण पुरेसं आहे.

बोलणं पक्कं करताना

कागदावर लिहून घ्या: कोणतं चामडं, कोणता तळ, बक्कल किती, ट्रायलची तारीख, पूर्ण व्हायची तारीख, आगाऊ रक्कम, आणि बसली नाही तर काय. शेवटचा मुद्दा बोलायला संकोच वाटतो, पण तो आधी बोलला की दोघांनाही सोपं जातं. बहुतेक चांगले कारागीर पट्टे बदलून द्यायला तयार असतात, पूर्ण जोड पुन्हा करणं मात्र तुमच्या सांगण्यातली चूक असेल तर त्यांच्यावर टाकू नये.

घासाघीस करताना थांबा. मापाच्या एका जोडात कापणं, कडा घासणं, शिवणं, ट्रायल, पुन्हा खोलणं असे कित्येक तास जातात. कारखान्यातल्या जोडाच्या किमतीशी त्याची तुलना करणं अन्यायाचं आहे, आणि किंमत पाडली की ती चामड्याच्या निवडीतून आणि ट्रायलच्या वेळेतूनच वसूल होते. परवडत नसेल तर पट्टे कमी करा, अस्तर काढा, साधं डिझाइन घ्या.

ट्रायल: तळ चिकटण्याआधी

ही पायरी कोणी टाळत असेल तर नम्रपणे पण ठामपणे मागा. पट्टे चिरांतून ओवलेले, टोकं खालून नुसती टेकवलेली किंवा टेपने धरलेली, अशा अवस्थेत पाय घालायचा. या वेळी पट्टा तीन मिलिमीटर सरकवणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. तळ बसल्यावर तेच काम अर्ध्या दिवसाचं होतं.

दोन्ही पायांत घालून उभे राहा, मग चवड्यावर उंच व्हा. टाच तळापासून किती सुटते ते दुसऱ्याला बघायला सांगा. उतारावर उभे राहा, बोटं पुढे जाऊन कडेबाहेर येतात का? एका पायावर तोल सांभाळून बघा, पाय बाजूला घसरतो का? पट्टा आणि पायाच्या मध्ये उंचवट्यावर सुरीचं पातं जाईल इतकी जागा असली तर बरं, बोट सहज जात असेल तर नवीन असतानाच सैल आहे. हाडावर दाब येतोय असं वाटलं तर "चामडं सैल पडेल" या आशेवर सोडू नका. चामडं ताणलं तरी पट्ट्याची जागा बदलत नाही.

चिकटवल्यानंतर जोड चोवीस तास तरी कारागिराकडेच राहू द्या.

पहिला महिना

पहिले तीन-चार दिवस घरात, तासाभरापेक्षा जास्त नाही. मग दोन तास, मग अर्धा दिवस. लाल झालेली जागा दिसली की पेनाने पट्ट्यावर आतून खूण करा. आठ-दहा दिवसांत ती खूण तिथेच राहिली तर कारागिराकडे जा, ते त्या जागी चामडं आतून पातळ करून किंवा ओलं करून साच्यावर ताणून देतात.

भिजली तर कोरड्या कापडाने टिपा आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळवा. ऊन, शेगडी, हेअर ड्रायर यांनी चामडं आकसून कडक होतं. पूर्ण वाळल्यावरच तेल किंवा मेण, तेही बोटाने हलकंसं. जास्त तेलाने पट्टे मऊ होऊन लांबतात आणि चिकटलेले थर सुटतात. दमट दिवसांत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते.

महिन्यानंतर एकदा जोड घेऊन कारागिराकडे परत जा, काही दुखत नसलं तरी. कोणतं भोक वापरता, कुठे सैल झालं, कुठे अजून अंग धरायचं आहे, ते त्यांना तुमच्या पायात बघू द्या. आणि ज्या कागदावर माप घेतलं होतं त्याच कागदावर दुरुस्त्या लिहून घ्या: "डावा पुढचा पट्टा चार मिलिमीटर मागे" अशा. त्यावर तारीख घाला, फोटो काढून स्वतःकडे ठेवा, मूळ कागद त्यांच्याकडे राहू द्या. पुढचा जोड त्या कागदावरून कापला जातो.